मुळी आपली, पण बीपी मोजायचा कुणी?

"डोकं कधी दुखत नाही, मला कसला बीपी?" आमच्या गल्लीतले एक काका नेहमी म्हणायचे. त्यांच्यासाठी हा थोडा इतिहास.

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचा बीपी होता ३००/१९०. एवढा ताकदवान माणूस, पण डॉक्टरांकडे धड औषधच नव्हतं!

औषध आपल्या रानात होतं. सर्पगंधा. बिहारकडं तिची मुळी 'पागल की दवा' म्हणून विकली जायची. तिनं रक्तदाबही उतरतो हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ लाच लिहिलं होतं. पण जगाचं लक्ष गेलं १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ५० रुग्णांवरचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापल्यावर. पुढं १९५२ ला स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं त्याच मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं.

मुळी आपली, डॉक्टर आपले. बीपी मोजून घ्यायची सवय मात्र लागलीच नाही. त्यासाठीचा देशव्यापी उपक्रम आला २०१७ ला, म्हणजे वकिलांच्या लेखानंतर तब्बल ६८ वर्षांनी! आपल्याकडं सुरुवातीला सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे चार जिल्हे घेतले. आता गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण हा आजार दुखतच नाही, मग दवाखान्याची पायरी चढणार कोण?

काकांना परवा ओढतच आरोग्य केंद्रात नेलं. बीपी निघाला १८०/११०. सिस्टरनं दोनदा मोजला. काका म्हणाले, "मशीन बिघडलंय."