बाशिंगाची तीन नावे

तळकोकणातल्या आमच्या देवराईतील वनस्पतींची यादी करताना मी एकाच नेच्याची दोन नेची करून ठेवली होती. श्रावणात आंब्याखाली पडलेले लांब देठाचे, खोल कातरलेले हिरवे पान वहीत दाबले, त्याला एक क्रमांक दिला. वैशाखात त्याच आंब्याच्या फांदीला चिकटलेली तपकिरी, कागदासारखी पाने दिसली, त्यांना दुसरा. ही चूक सहा वर्षे तशीच राहिली.

ती उलगडली जुन्या नावांच्या शोधात. डच अधिकारी हेंद्रिक व्हान रेडे याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’चा पहिला खंड १६७८चा. रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट या कोकणी वैद्यांची नागरी लिपीतली साक्ष त्यात छापलेली आहे. बारावा खंड रेडेच्या मृत्यूनंतर, १६९३मध्ये निघाला. त्यात हे नेचे ‘पन्न-केळंगु-मरवर’ या नावाने येते. मल्याळममध्ये पन्न म्हणजे नेचे, किळंगु म्हणजे कंद. मलबारच्या जाणकारांनी ओळख धरली ती फांदीवर सरपटणाऱ्या जाड, लवदार मूलक्षोडाची.

१७५३मध्ये लिनियसने त्याला ‘पॉलिपोडियम क्वेर्सिफोलियम’ म्हटले, म्हणजे ओकच्या पानाचे. त्याच्या नावात उतरले ते तपकिरी पान. १८४१मध्ये जॉन स्मिथने ते ‘ड्रायनेरिया’ प्रजातीत नेले. त्या शब्दाच्या मुळाशीही ओकच आहे. आपल्याकडचे नाव बाशिंग. त्यात सुटा अवयव नाही. झाडाच्या कपाळी बांधल्यासारखा दिसणारा सगळा झुबका आहे.

या नावांनी मला पुन्हा आंब्याखाली नेले. या वेळी शिडी लावून वर चढलो. एकाच मूलक्षोडातून दोन्ही पाने निघालेली होती. बिनदेठाची तपकिरी पाने वाळली तरी गळत नाहीत. त्यांच्या ओंजळीत पालापाचोळा साठतो, त्याचेच खत होते. बीजाणू मात्र हिरव्या पानाच्या पाठीवर. कोरड्या दिवसांत त्या पानाच्या पाकळ्या गळतात, म्हणून वैशाखात मला ते दिसलेच नव्हते. हे नेचे ओळखायचे तर मूलक्षोड आणि दोन्ही पाने एकत्र पाहावी लागतात.

देवराईतून रस्ता न्यायचे घाटत होते, तेव्हा माझी यादी देवळातल्या बैठकीत वाचली गेली होती. पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि नेच्यांचा आकडा एकाने कमी केला. रस्त्याच्या बाजूचे हसले. पण त्या दिवसापासून यादीतल्या उरलेल्या नावांवर कोणी बोट ठेवले नाही.