अंतिमचा छापखाना

रुमानियन माणूस देवाला ‘दुम्नेझेउ’ म्हणतो. शब्द लॅटिन. चर्चला ‘बिसेरिका’, तोही लॅटिनच. पण त्याचा स्वर्ग ‘राय’ आणि नरक ‘याद’, हे दोन्ही शब्द स्लाव्ह लोकांकडून आलेले. नरकाला ‘याद’ म्हणणाऱ्या भाषेवर कोणताही कवी खूष होईल, ते असो. एवढ्या चार शब्दांत या लोकांचा इतिहास साठलेला आहे.

रोमन सम्राट ट्राजनने इ. स. 106 मध्ये डॅन्यूब नदीपलीकडचा डेशिया जिंकला. 271 च्या सुमारास रोमन फौजा माघारी गेल्या. भाषा मात्र राहिली. पोर्तुगिजांमुळे आपल्याकडे आलेला ‘पाव’ आणि रुमानियनांची ‘पइने’ ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं. पुढे भोवताली स्लाव्ह आले, आणि चर्चची पोथी आली ती स्लाव्होनिक भाषेत. घरात एक भाषा, देवापुढे दुसरी. मशिदीत अरबी ऐकून घरी मराठीत भांडणाऱ्या माझ्यासारख्याला यात नवल वाटत नाही. पण इथे शतकानुशतकं शेतकरी उभ्याने जी प्रार्थना ऐकत होता, तिचा अर्थ त्याला कुणी सांगत नव्हतं.

रुमानियन भाषेतला आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना तारखेचा मजकूर प्रार्थनेचा नाहीच. 1521 मध्ये न्याक्शू नावाच्या माणसाने ब्राशोव्हच्या नगरप्रमुखाला तुर्की फौजेच्या हालचाली कळवल्या, ते हे पत्र. त्याच ब्राशोव्हमध्ये कोरेसीने 1561 मध्ये शुभवर्तमानं लोकभाषेत छापली. 1688 मध्ये बुखारेस्टला संपूर्ण बायबल निघालं. तरी वेदीपुढची उपासना बहुतेक ठिकाणी जुन्याच भाषेत चालू होती.

ती बदलण्यात सर्वांत मोठा वाटा असलेला माणूस रुमानियन नव्हता. त्याचं नाव अंतिम. आपल्या ‘अंतिम’शी त्याचा संबंध नाही, ते फुलाशी नातं सांगणारं ग्रीक नाव आहे. जॉर्जियात जन्मलेला हा मुलगा पकडला गेला, गुलाम म्हणून कॉन्स्टँटिनोपलला आला. तिथे सुटका झाल्यावर लाकूडकाम, सुलेखन आणि अनेक भाषा त्याने आत्मसात केल्या. वालाकियाचा राजा ब्रिंकोव्यानू याने त्याला बोलावून छापखाना सोपवला. वालाकिया सुलतानाला खंडणी देत असे, पण राजा ख्रिस्ती आणि चर्चचा कारभार त्यांच्याच हाती.

स्नागोव्हच्या तळ्यातल्या बेटावरच्या मठात 1701 मध्ये अंतिमने एक पुस्तक छापलं: ग्रीक आणि अरबी भाषेतली उपासना. सीरियातल्या अरब ख्रिश्चनांकडे छापील पोथ्या नव्हत्या, त्यांच्यासाठी. खिळेही त्याने स्वतः घडवलेले. अरबी ही केवळ मुसलमानांची भाषा समजणाऱ्यांनी, आमच्यातल्यांनीही, हे पुस्तक लक्षात ठेवावं.

1708 मध्ये तो वालाकियाचा मुख्य धर्मगुरू झाला आणि 1713 मध्ये त्याने उपासनेची पोथी रुमानियनमध्ये छापली. तसे प्रयत्न आधीही झाले होते. पण त्याची भाषा इतकी सरळ होती की तीच पुढे रुजली. लिपी मात्र सिरिलिकच. लॅटिन लिपी यायला 1860 चं दशक उजाडलं.

1714 मध्ये सुलतानाने ब्रिंकोव्यानूचा त्याच्या चारही मुलांसह शिरच्छेद केला. दोन वर्षांनी नव्या राजाने अंतिमवर कटाचा आरोप ठेवला. सिनाईला हद्दपार करायचं ठरलं, पण वाटेतच तुर्की शिपायांनी त्याला मारून नदीत फेकलं. ते शिपाई खलिफाच्या चाकरीतले होते, हे माझ्यासारख्याच्या तोंडून सांगितलं गेलेलं बरं.

1992 मध्ये रुमानियन चर्चने त्याला संत घोषित केलं. त्याने बुखारेस्टमध्ये बांधलेला मठ चाउशेस्कूच्या पाडापाडीतून बचावला. 1985 मध्ये मठातली एक भलीमोठी इमारत रुळांवर घालून सरकवली गेली. बाजूने साम्यवादी काळातल्या उंच इमारती उभ्या राहिल्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला मठ आज सहजी दिसत नाही, शोधत जावं लागतं.