युरोपातल्या दगडांवरची आपली नावे



इटलीत पेरूजिया प्रांतात मोन्तोने नावाचे एक लहानसे डोंगरी गाव आहे. तिथे २०२३ सालच्या जुलै महिन्यात एका सूर्यघड्याळाचे अनावरण झाले. युरोपात सूर्यघड्याळे पुष्कळ आहेत, पण या घड्याळाला नाव दिले आहे ते आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातील एका तरुणाचे : नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. त्यावर लॅटिनमध्ये एक ओळ आहे. तिचा अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

ही बातमी वाचली आणि वाटले, यावर आपल्या ब्लॉगवर लिहिलेच पाहिजे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, दोन्ही महायुद्धांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. पण पाठ्यपुस्तकात 'या युद्धात भारतीय सैनिकांनीही भाग घेतला' एवढे एक वाक्य असायचे आणि लगेच पुढचा मुद्दा सुरू व्हायचा. त्या एका वाक्यात किती माणसे मावली होती, ते आज थोडेसे सांगते.

यशवंत घाडगे यांचा जन्म १९२१ सालचा, गाव पळसगाव. ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकी सगळे ठार तरी झाले किंवा जखमी तरी. घाडगे एकटे उरले. ते थांबले नाहीत. धावत जाऊन त्यांनी हातबाँब टाकला, मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद केले. टॉमी गनने आणखी एकाला टिपले. गोळ्या संपल्या, नवे मॅगझिन भरायला वेळ नव्हता. मग त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांचा निकाल लावला. तेवढ्यात लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस वर्षे! आमच्या वेळी बावीसाव्या वर्षी मुले पहिल्या नोकरीसाठी अर्ज लिहीत असत.

त्यांची कबर वा समाधी कुठेच नाही. कॅसिनो इथल्या युद्धस्मारकावर, ज्यांचा देह कुठे आहे हे ठाऊक नाही अशा हजारो नावांत त्यांचे नाव कोरलेले आहे. इकडे माणगावला त्यांचा पुतळा आहे. आणि आता मोन्तोनेचे घड्याळ.

दुसरे नाव नामदेव जाधव यांचे. हे नगर जिल्ह्यातल्या निमजचे. पहिल्या बटालियनमध्ये साधे शिपाई, काम निरोप्याचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या कंपनीची दाणादाण झाली. त्यांनी एका जखमी सोबत्याला खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, पेरलेल्या सुरुंगांमधून सुखरूप आणून पोचवले. मग पुन्हा जाऊन दुसऱ्याला आणले. त्यानंतर एकट्याने मशिनगनची ठाणी बंद पाडली. शेवटी हाताला जखम असताना बांधावर चढून शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावून घेतले. सेनिओच्या काठावर महाराजांचा जयजयकार! त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते सुखरूप परत आले आणि १९८४ साली वारले.

इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक लढले. चौथी, आठवी आणि दहावी या त्यांच्या डिव्हिजन. त्यांपैकी ५,७८२ जण मरण पावले. या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा भारतीयांचे. आणि त्या सहांतले दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे.

एक गंमतीची पण मोलाची गोष्टही सांगायला हवी. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली जगप्रसिद्ध चित्रे युद्धाच्या काळात सुरक्षिततेसाठी खेड्यांतल्या जुन्या वाड्यांत, किल्ल्यांत हलवलेली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात मोन्तेगुफोनी नावाच्या अशाच एका किल्ल्यात मराठा पलटणीचा मुक्काम पडला. तिथे भिंतींना टेकवून ठेवलेल्या चित्रांत बॉटिचेल्लीचे 'प्रिमावेरा' होते! त्या चित्रांवर आपल्या जवानांचा पहारा बसला. आज फ्लॉरेन्सला तिकीट काढून रांगेत उभे राहून आपण जे चित्र बघतो, त्याची राखण काही दिवस सातारा-कोल्हापूरकडच्या, कोकणातल्या पोरांनी केलेली आहे.

आता थोडे मागे जाऊ. पहिले महायुद्ध. आमच्या बुधवार पेठेतून खडकी ती किती लांब? खडकीला आज बाँबे सॅपर्सचे केंद्र आहे, ते तेव्हाही होते. १९१४ साली तिथल्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या फ्रान्सला रवाना झाल्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, खंदक खणणारे, सुरुंग लावणारे लोक. पण २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव शापेल या गावावरच्या हल्ल्यात त्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळासारखे पुढे घातले गेले. घराघरांतून हातघाईची लढाई झाली. गाव घेतले, पण टिकवायला मदत आली नाही आणि माघार घ्यावी लागली. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. जवानांचीही फार हानी झाली. खडकीहून निघालेल्या माणसांनी कधी नावही न ऐकलेल्या त्या गावात देह ठेवला.

त्याच न्यूव शापेलला १९२७ साली भारतीय सैनिकांचे मोठे स्मारक उभे राहिले. सर हर्बर्ट बेकर यांनी त्याची रचना केली. वर्तुळाकार आवार, सांचीची आठवण करून देणारी दगडी जाळी, मध्ये अशोकस्तंभासारखा सुमारे पंधरा मीटर उंचीचा खांब, त्याच्या दोन बाजूंना दोन वाघ. खांबावर ईश्वर एक आहे आणि विजय त्याचाच आहे अशा अर्थाचा मजकूर वेगवेगळ्या लिप्यांत आहे, हिंदीतही आहे. आणि भिंतीवर ४,७०० हून अधिक नावे. २०१५ च्या एप्रिलमध्ये आपले पंतप्रधान तिथे जाऊन आले, तेव्हा बऱ्याच जणांना हे स्मारक प्रथमच माहीत झाले.

बेल्जियममधल्या ईप्र गावी मेनिन गेट ही मोठी कमान आहे. तिच्यावरच्या चोपन्न हजारांहून अधिक नावांतही भारतीय नावे आहेत. तिथे १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजवून मृतांना मानवंदना देतात. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन ताब्याचा काळ सोडला तर हा नेम चुकलेला नाही. आपल्याकडे देवळात सांजआरती चुकत नाही, तसेच.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, इंग्रजांनी आठवण छान ठेवली की! थांबा. पुढचे ऐका.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी बहुतांश फ्रान्सला नव्हे, तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली. त्याआधी उपासमारीने आणि रोगराईने माणसे गेली, त्यानंतर कैदेतही गेली. या आघाडीवरच्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक बांधले, सुमारे चाळीस हजार माणसांसाठी. त्याच्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावे कोरली. आणि साध्या शिपायांसाठी? पलटणीचे नाव, आणि खाली आकडा. 'इतर इतके भारतीय सैनिक.' बस.

म्हणजे बघा. एकाच युद्धात, एकाच सरकारच्या नोकरीत, एकाच तालुक्यातले दोन भाऊ मरण पावले असतील, तर फ्रान्सला गेलेल्याचे नाव दगडावर शिल्लक राहिले आणि बसऱ्याला गेलेला बेरजेत जमा झाला. युरोपच्या भूमीवर, युरोपियन लोकांच्या डोळ्यांसमोर समानता पाळली गेली. डोळ्यांआड ती पाळायचे कारण वाटले नाही. दर्जा, वंश, धर्म न पाहता सर्वांना सारखी वागणूक हे तर युद्धस्मारके सांभाळणाऱ्या त्या कमिशनचे मूळ तत्त्व होते! २०२१ साली कमिशनने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

आणि शिपायांची नावे कोरता येत नव्हती असेही नाही. पुण्याजवळ कोरेगाव भीमाचा स्तंभ आहे. १८१८ च्या लढाईतला, पायाभरणी १८२१ ची. त्याच्यावर कामी आलेल्या शिपायांची नावे आहेत, त्यांत पुष्कळ महार आहेत. याच महारांची भरती सरकारने पुढे बंद केली. १९१७ साली गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण काढली आणि १९२१ मध्ये गरज सरताच मोडून टाकली. दगड काय लक्षात ठेवतात आणि कचेऱ्या काय विसरतात, याचा हा धडा मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळाला नाही.

गावोगावीही आकडेच आले. साताऱ्याकडे किंवा कोकणात हिंडताना चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली पाटी कधी पाहिली आहे? या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर असतो. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. तिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. एका गावातले ४६! त्या वर्षी किती घरांत संक्रांतीचे हळदीकुंकू झाले नसेल, याचा हिशोब पाटीवर नाही.

वर्गात एकदा एका मुलीने विचारले होते, "बाई, मग ते मेले कुणासाठी? इंग्रजांसाठीच ना?" प्रश्न सरळ आहे आणि त्याचे उत्तर अवघड. १९१८ साली लोकमान्य सैन्यभरतीला मदत करायला तयार होते, पण स्वराज्याचा हक्क मान्य करा अशी त्यांची अट होती. मुंबईच्या युद्धपरिषदेत ते बोलू लागताच गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना अडवले. दुसऱ्या युद्धाच्या वेळी तर इकडे १९४२ चे आंदोलन, बंगालचा दुष्काळ आणि तिकडे आपलीच मुले इटलीच्या डोंगरांत. कोकणातल्या वरकस जमिनीवर पोट भरत नव्हते. पगाराची मनिऑर्डर घरी येत होती. बापजादे पलटणीत होते. अशी बरीच कारणे. पण गोळ्यांच्या माऱ्यात नामदेव जाधव दुसऱ्यांदा पाण्यात उतरले ते बादशहासाठी नव्हे, पलीकडे पडलेल्या सोबत्यासाठी, एवढे मात्र मी त्या मुलीला आज खात्रीने सांगेन. राज्य कुणाचे होते हा प्रश्न इतिहासाने विचारावाच. माणूस आपला होता हे विसरण्याचे मात्र ते निमित्त होऊ नये.

आपल्याकडे ही आठवण ठेवायची फार जुनी रीत होती. वीरगळ. शेंदूर फासलेले, देवळाच्या मागे आडवे पडलेले ते दगड. खालून वर वाचायचे. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला स्वर्गात नेत आहेत, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. ते असेपर्यंत ही कीर्ती राहो. बऱ्याच वीरगळांवरही नाव नसते म्हणा, पण तेव्हा गावाला ते तोंडपाठ असे. मोन्तोनेच्या लोकांना आपला वीरगळ ठाऊक असण्याचे काही कारण नाही, तरी त्यांनी आपल्या मुलाच्या नावापुढे सूर्यच ठेवला. मला याचे फार समाधान वाटले.

खडकीला युद्धातल्या मृतांची दफनभूमी आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत. परदेशातल्या कुणाकुणाची मुले. हिरवळ कापलेली, फुलझाडे लावलेली, आणि हे सगळे आपलेच माळी करतात. तिकडे फोर्ली गावी आपल्या सैनिकांची दफनभूमी आहे, शेजारी अग्निसंस्कार झालेल्या साडेसातशेहून अधिक जणांचे स्मारक. तिथले गवत इटालियन माळी कापतात. दोन्हीकडच्या आयांना हे कळले असते तर बरे वाटले असते.

तर परदेशातल्या भाचे-पुतणे मंडळींनो, एक काम सांगते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. पुष्कळांच्या नोंदीत बापाचे नाव आणि गावही दिलेले आहे. आपली, शेजाऱ्यांची, आजोळची आडनावे टाकून बघा. स्पेलिंग इंग्रजांनी केलेले आहे, तेव्हा दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघावे लागेल. कुणी सापडले तर ते नाव देवनागरीत नीट लिहून मला कळवा. आणि त्या बाजूला जाणे झाले तर तिथे उभे राहून ते नाव एकदा मोठ्याने, आपल्या उच्चारात वाचा.

तिथल्या माळ्याला ते तसे वाचता येत नाही.