काचेपासून ग्राफीनपर्यंत

श्रोतेहो, कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने पेशींविषयी बोलावे, याचे आपणांपैकी कोणास नवल वाटेल. परंतु यंत्रात सापडून हाड मोडते ते कामगाराचे, आणि ते नीट न जुळल्यास रोजगार बुडतो तोही त्याचाच. तेव्हा मोडलेले हाड पुन्हा घडविण्याची विद्या कोठवर आली आहे, हे विचारण्याचा आम्हांस अधिकार आहे असे आम्ही मानतो.

प्रारंभ आपल्या मावळापासूनच करू. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून माणशी एकेक पैसा गोळा केला, लोकमान्य टिळकांनी त्या कार्यास पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगावास पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशी काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे कारागीर तयार करू लागले. लोकांच्या पैशाने लोकांसाठी विद्या आणावयाची, हा त्यामागील विचार होता.

त्याच सुमारास, १९०७ साली, अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी काचेच्या एका चकतीवर बेडकाच्या मज्जातंतूंची पेशी शरीराबाहेर वाढवून दाखविली. पुढे १९१४ साली त्यांनी पेशी कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांवर ठेवल्या, तेव्हा त्या धाग्याच्या अंगाने लांबत गेल्या. पेशीला नुसते अन्न पुरत नाही, टेकावयास आधार लागतो, आणि आधार जसा असेल तसे तिचे वळण असते, हे तेव्हाच दिसून आले. आमच्या शेतकऱ्यास हे सांगावयास नको. भाताचे बी टाकण्यापूर्वी तो राब भाजतो, म्हणजे आधी जमीन सिद्ध करतो.

१९६१ साली कॅनडातील टिल व मॅक्कुलॉक यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, अस्थिमज्जेतील एकाच पेशीपासून नाना प्रकारच्या रक्तपेशी निपजतात. हीच मूलपेशी. त्याच काळात मॉस्कोत फ्रीडनस्टाइन यांना मज्जेतच हाड तयार करणाऱ्या पेशी आढळल्या. अशी मूलपेशी पुढे काय होणार हे कशावर ठरते? २००६ साली फिलाडेल्फियातील संशोधकांनी एकाच जातीच्या मूलपेशी निरनिराळ्या मऊपणाच्या थरांवर वाढविल्या. अगदी मऊ थरावर त्या मज्जापेशींचे रूप घेऊ लागल्या, मध्यम थरावर स्नायूंचे आणि कठीण थरावर हाडांचे.

आता ग्राफीनकडे वळू. आपल्या मुलांच्या पेन्सिलीत असते त्या ग्रॅफाइटचा, अवघ्या एका अणूइतक्या जाडीचा थर म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टर येथे गाइम व नोवोसेलोव यांनी साध्या चिकटपट्टीने तो सोलून काढला. २०१० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. लगेच २०११ साली सिंगापुरात काच, प्लास्टिक अशा पृष्ठभागांवर ग्राफीनचे अस्तर देऊन माणसाच्या मज्जेतील मूलपेशी वाढविण्यात आल्या. हाड घडविणारी द्रव्ये अन्नात असता त्या पेशी अस्तरावर कितीतरी लवकर हाडाच्या मार्गाला लागल्या. कारण शोधता असे दिसले की, ग्राफीन ती द्रव्ये आपल्या अंगावर धरून ठेवते व पेशीच्या जवळ साठविते. त्याच ग्राफीनला प्राणवायूची जोड दिली की त्यावर इन्सुलिन टिकते, आणि पेशी चरबीकडेही सहज वळतात. त्याच वर्षी कोरियात मेंदूच्या मूलपेशी ग्राफीनवर ठेवल्या असता अधिक मज्जापेशी तयार झाल्याचे आढळले.

इतके झाले तरी हे बव्हंशी प्रयोगशाळेतील तबकड्यांचे व प्राण्यांवरील प्रयोगांचे यश आहे, हे विसरता कामा नये. ग्राफीन शरीरात सहजासहजी विरघळत नाही. त्याचे तीक्ष्ण कण पेशीस इजा करू शकतात. श्वासावाटे ते फुप्फुसात गेल्यास काय, हा प्रश्न तर ते तयार करणाऱ्या कामगाराचाच आहे. दगडाच्या धुळीने खाणकामगारांची फुप्फुसे निकामी झाली, त्यानंतर समाजाला जाग आली. या वेळी मोजमाप आधी झाले पाहिजे, उत्पादन मागाहून.

दुसरा धोका बाजाराचा. मूलपेशींच्या नावाने हताश कुटुंबांना आशा विकणारे पुष्कळ. २०१७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्गदर्शक तत्त्वे काढून, ठराविक आजारांतील रक्त-मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता इतर वापर मान्यताप्राप्त चाचणीपुरताच ठेवला. जमीन किंवा दागिने विकण्यापूर्वी प्रत्येकाने डॉक्टरांस विचारावे : ही चाचणी आहे काय, तिला मान्यता कोणाची, आणि आमच्याकडून पैसे का घेता?

पुण्यात गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था आहे. १९८६ साली सरकारी खर्चाने तिची उभारणी सुरू झाली. देशभरच्या प्रयोगशाळांना ती पेशी पुरविते आणि मूलपेशींवर संशोधनही करते. तो खर्च काडेपेटी घेणाऱ्या प्रत्येकाच्या करातूनच होतो. म्हणजे पैसा फंड आजही चालू आहे. फक्त वर्गणीदारांस त्याची जाणीव नाही. ती जाणीव ठेवून, उद्या हाड घडविणारे हे अस्तर खरोखर सिद्ध झाले, तर ते तळेगावच्या कारखान्यातील हंगामी कामगारापर्यंत सरकारी रुग्णालयातून पोहोचले पाहिजे, ही मागणी आपण आजपासूनच करीत राहिले पाहिजे.