पाटांगणची पोथी आणि एक क्रियाविशेषण

‘इर्रिट्रीव्हेबली’ या इंग्रजी क्रियाविशेषणासाठी आपण मराठीत ‘कायमचे’ हा शब्द सर्रास वापरतो. साहित्येतिहास शिकवताना ‘हा ग्रंथ कायमचा लुप्त झाला’ असे विधान आम्हीही अनेकदा केले आहे. मात्र ‘कायमचे’ हा शब्द काळाविषयी बोलतो, तर इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘पुन्हा सापडणे’ या अर्थाचे जुने फ्रेंच क्रियापद आहे. हरवलेले सावज हुंगून पुन्हा शोधणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या संदर्भात ते इंग्रजीत रुळले. म्हणजे शोधाच्या सगळ्या वाटा संपल्या, अशी ग्वाही हा शब्द देतो. ती ग्वाही देण्याचा अधिकार आपल्याला केव्हा पोहोचतो, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उदाहरण आमच्या बीडमध्येच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीडच्या पाटांगणावर ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. आपली पोथी त्याहून जुनी आहे, असे राजवाड्यांचे मत होते. तिच्या आधारे त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या आवृत्तीनेही राजवाडे संहितेचाच आधार घेतला.

मूळ पोथी मात्र आज उपलब्ध नाही. राजवाड्यांनीच ती रागाच्या भरात नष्ट केली, अशी कथा संशोधकांच्या वर्तुळात सांगितली जाते. कथेची शहानिशा बाजूला ठेवली, तरी परिणाम स्पष्ट आहे. ओव्या छापील रूपात आपल्या हाती आहेत. गेले आहे ते साक्षीचे साधन. कागद कोणता होता, अक्षरवळण कोणत्या काळाचे होते, समासात कुणी दुरुस्त्या केल्या होत्या, एखादे जुने रूप लेखकूचे की संपादकाचे, यांतले काहीही आता ताडून पाहता येत नाही. पोथीच्या प्राचीनतेविषयीचा वाद म्हणूनच निकाली निघू शकत नाही. आमच्या मते ते क्रियाविशेषण येथे शोभते, पण ज्ञानेश्वरीच्या संहितेला नव्हे, तर या पुराव्याला.

याउलट लीळाचरित्राचे पाहा. म्हाइंभटांची मूळ प्रत खालशाच्या धाडीत गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. तरीही हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून लीळा पुन्हा उभ्या राहिल्या. पाठभेद झाले, परंतु ग्रंथ परतला. पुढे महानुभावांचे कितीतरी ग्रंथ सांकेतिक लिपीत मठांतच राहिले. बाहेरच्या अभ्यासकांना ते नसल्यासारखेच होते, आणि लिपी उलगडताच ते वाङ्मयेतिहासात दाखल झाले. त्यांना कुणी आधीच ‘कायमचे लुप्त’ ठरवले असते, तर ते विधान खोटे ठरले असते.

तिसरे उदाहरण अंबाजोगाईचे. दासोपंतांनी पंचीकरण हा विषय सुमारे चाळीस फूट लांबीच्या वस्त्रावर लिहिला. ती पासोडी आज जीर्ण आहे, मात्र न. शे. पोहनेरकरांनी तिची संहिता संपादित केल्यामुळे वस्त्र विरले तरी मजकूर उरेल. पण पाटांगणच्या पोथीने शिकवलेला धडा येथेही लागू आहे: मजकूर उरला म्हणजे सारे उरले असे होत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही तीन शब्द वेगळे ठेवायला सांगतो. जे आज हाती नाही ते ‘अनुपलब्ध’. जे होते आणि ज्याचा ठावठिकाणा लागत नाही ते ‘गहाळ’. ज्याचा नाश सिद्ध झाला तेच ‘नष्ट’. पहिल्या दोन शब्दांत शोधाला जागा आहे. आपल्याकडे जीर्ण पोथ्या गोदावरीत विसर्जित करण्याची श्रद्धाशील रीत आहे. रुमालात बांधलेली पोथी घरात असेतोवर ती फार तर अनुपलब्ध असते. नदीत सोडल्यावर मात्र तिसऱ्या शब्दाखेरीज काही उरत नाही. विसर्जनापूर्वी तिची छायाचित्रे काढणे, समासासकट प्रत्येक पान टिपणे आणि शक्य तर पोथीच जतन करणे, एवढे काम आपल्या विद्यार्थ्यांना नक्कीच करता येईल.