मातीचे काम सांगणारा रंग

नेवासे तालुक्यातील सोनईला, मुळेच्या पाटाखाली ऊस करणाऱ्या एखाद्या जुन्या बागायतदाराला विचारा, "जमीन कशी आहे?" तो ढेकूळ हातात चुरील, वास घेईल आणि सांगेल, "जिवंत आहे." नाहीतर मान हलवील, "मेली हो जमीन!" हा जिवंतपणा मोजता येतो काय? त्या प्रयत्नाची हकीकत आज सांगायची आहे.

भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो. लाळेतील एक द्रव्य पिठातील स्टार्च फोडून त्याची साखर करते. अशा द्रव्यांना विकरे किंवा एन्झाइम म्हणतात. मातीतील सूक्ष्म जीव आणि पिकांची मुळेही विकरे सोडतात. पाचट कुजते, शेणखताचे पिकाला अन्न होते, ते यांच्याच करणीने. 1897 साली जर्मनीत बुखनर यांनी दाखवले, की यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला नुसता रसही साखर आंबवतो. दोनच वर्षांनी, 1899 मध्ये, अमेरिकेत वूड्स यांनी मातीतही विकरे असल्याचे सांगितले.

पण असणे वेगळे आणि मोजणे वेगळे. स्फुरदाचेच पाहा. शेणखतातील काही स्फुरद सेंद्रिय संयुगांत अडकलेला असतो. फॉस्फटेज नावाचे विकर तो सोडवते, तेव्हा कुठे मुळांना मिळतो. काही संशोधक असे संयुग मातीत मिसळून किती स्फुरद सुटला ते मोजीत. हिशेब मात्र चुके. कारण सुटलेला स्फुरद मातीच धरून ठेवी. चुनखडीच्या जमिनीत सुपर फॉस्फेटचे काय होते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तोच प्रकार परीक्षानळीत!

1969 साली अमेरिकेत आयोवा राज्य विद्यापीठातील ताबाताबाई आणि ब्रेम्नर यांनी ही अडचण टाळणारी सोपी रीत मांडली. स्फुरदाच्या मागे न लागता त्याला जोडलेला भाग मोजायचा. त्यांनी 1 ग्रॅम मातीत पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट घालून ती 37 अंश सेल्सिअसला 1 तास ठेवली. विकराने हे संयुग तोडले, की पॅरा-नायट्रोफिनॉल सुटते. मग कॅल्शियम क्लोराइड व कॉस्टिक सोडा घालून गाळले, की पिवळे पाणी उतरते. रंग जितका गडद, तितके विकराचे काम अधिक. किती गडद, हे कलरीमीटर यंत्र आकड्यात सांगते. अशीच दुसरी रीत कसिडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये दिली होती. तीत रंगहीन द्रव्य मातीतील जिवंत जीवांमुळे लाल होते.

इथे एक सावधगिरी हवी. पिवळा रंग मातीची कुवत सांगतो; शेतात प्रत्यक्ष तेवढे काम चालले आहे असे नव्हे. मेलेल्या जीवांची विकरेही मातीला चिकटून काम करीत राहतात. म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नये. शेजारच्या दोन तुकड्यांची, एकाच हंगामातली, एकाच रीतीने केलेली तुलना मात्र पुष्कळ शिकवते.

2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासायच्या ठरल्या. त्यांत विकरे नाहीत. ती पत्रिका कोठारात धान्य किती ते सांगते. जाते फिरते की नाही, ते सांगत नाही. शिक्षकबंधूंनो, हा फरक मुलांना जरूर समजावून द्या. आणि शेतकरी बंधूंनो, पाचटाला काडी लावण्यापूर्वी एवढे आठवा, की या जात्यात वैरण पडते ती त्याच पाचटाची.