टोर्नेडोपासून बचाव

टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत टेकलेला, गरगर फिरणारा हवेचा स्तंभ. मराठी बातम्यांत त्याला सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हणतात. ते चूक आहे, आणि बचावाच्या दृष्टीने घातकही. चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधी लागते, त्यामुळे गाव रिकामे करता येते. टोर्नेडोत हाती काही मिनिटेच असतात. तेवढ्यात असेल तिथेच आडोसा गाठावा लागतो.

अमेरिकेत दरवर्षी सरासरी हजाराहून अधिक टोर्नेडो होतात. तिथले हवामान खाते दोन पातळ्यांवर सूचना देते : ‘वॉच’ म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, सावध राहा, ‘वॉर्निंग’ म्हणजे टोर्नेडो दिसला किंवा रडारवर त्याची खूण उमटली, ताबडतोब आत व्हा. गावातले भोंगे मुख्यतः घराबाहेर असलेल्यांसाठी असतात. रात्री झोपेत ते ऐकू येतीलच असे नाही, म्हणून उशाशी हवामान-रेडिओ किंवा इशारे चालू ठेवलेला फोन हवा.

माणसे मरतात ती बहुतांशी उडत्या वस्तूंच्या माऱ्याने : फळ्या, काचा, पत्रे, विटा. म्हणून आपल्या आणि वाऱ्याच्या मध्ये जितक्या भिंती तितके बरे. तळघर उत्तम. ते नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची, घराच्या मधोमध असलेली बिनखिडकीची लहान खोली. बहुधा ती न्हाणीघर असते. तिथे गुडघे पोटाशी घेऊन बसावे, डोक्यावर सायकलचे हेल्मेट, अंगावर गादी ओढावी. पायात बूट मात्र आधीच घालावेत. वादळ गेल्यावर बाहेर पाऊल पडते ते काचांवर आणि खिळ्यांवर. हवेचा दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडण्याचा जुना सल्ला साफ खोटा आहे. त्यात वेळ जातो आणि माणूस काचेजवळ जातो.

उड्डाणपुलाखाली लपण्याचा समज याहून वाईट. एप्रिल 1991 मध्ये कॅन्ससमध्ये काहीजण पुलाखाली बसून बचावले, त्याचे चित्रीकरण दूरचित्रवाणीवर पुन्हापुन्हा दाखवले गेले आणि पूल सुरक्षित असतो असे लोकांच्या मनात बसले. 3 मे 1999 रोजी ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी तिघे दगावले. अरुंद जागेत वारा अधिक जोर धरतो, आणि उतारावर वर चढून बसलेला माणूस थेट माऱ्यात सापडतो.

चाकांवरची तयार घरे भक्कम पट्ट्यांनी जमिनीला बांधलेली असली तरी त्यांत थांबू नये. ‘वॉच’ जाहीर होताच जवळची पक्की इमारत गाठावी. मोटारीत असताना टोर्नेडो दूर असेल आणि रस्ता मोकळा असेल तर पक्की इमारत शोधावी. तो अगदी जवळ आला आणि आसपास इमारत नसेल, तर पट्टा बांधून काचेच्या पातळीखाली वाकावे आणि डोके झाकावे, किंवा मोटारीपासून दूर, रस्त्याहून खोल अशा चरात पालथे पडावे.

26 एप्रिल 1989 रोजी बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात एका टोर्नेडोने अंदाजे 1,300 बळी घेतले. कुडाच्या आणि पत्र्याच्या घरांत लपायला मधली खोलीच नसते. अशा वस्तीत वरचे सगळे नियम एका पक्क्या सामाईक खोलीपाशी येऊन थांबतात, आणि ती आधी बांधलेली असावी लागते.